सहल घोड्याच्या पाठीला झेपेल तेवढीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की डोंगरदऱ्यांतून घोड्यावरच्या दोन-तीन दिवसांच्या भटकंतीच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. तंबू, चांदणे, शेकोटी, चुलीवरचे मटण यांचे त्यात सविस्तर वर्णन असते. घोड्याचे वजन किती, त्याच्यावर किती वजनाचा माणूस बसणार, दिवसाला किती किलोमीटर चालायचे आणि पाणी कुठे पाजायचे, हे मात्र कुठेच नसते. पाचगणीच्या टेबललँडवर अर्ध्या तासाचा फेरफटका मारायचा असेल तर एक वेळ चालून जाते. तीन दिवस रानात काढायचे असतील तर सहल या चार गोष्टींवरच उभी असते. आम्ही सातारा-सांगलीकडे घोडी पाळणारे आणि लांबची रपेट करणारे काही जण आहोत. जाणाऱ्यांनी आणि नेणाऱ्यांनी निघण्याआधी काय पाहावे, ते आपल्या दैनिकातून सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

पहिला हिशेब वजनाचा. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्यावरचे ओझे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, असा जाणकारांचा दंडक आहे. घोडा काट्यावर चढवायची सोय नसली तरी शिंप्याच्या टेपने काम भागते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) बसतो तिथे, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या उत्तराला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. अंदाजे वजन किलोत मिळते. आपल्याकडच्या बऱ्यापैकी तट्टाचा घेर १५० आणि लांबी १३० भरली, तर वजन येते २४६ किलो. त्याचे २० टक्के म्हणजे ४९. खोगीर, नमदा (खोगिराखालची जाड लोकरी गादी) आणि पाण्याची बाटली यांचे ८ किलो वजा केले की स्वारासाठी ४१ किलो उरतात. म्हणजे हे तट्टू शाळकरी मुलासाठी ठीक, पण ऐंशी किलोच्या गृहस्थासाठी नाही. मारवाडी किंवा काठेवाडी जातीच्या घोड्याचा घेर १७२ आणि लांबी १५० असेल तर वजन ३७३ किलोच्या आसपास येते. तोही खोगिरासह ७५ किलोच पेलणार.

यावर एक उत्तर हमखास मिळते. धनगरांची घोडी आख्खा संसार पाठीवर घेऊन घाट उतरतात, मग माणसाचे काय एवढे? माण-फलटणकडचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे निघतात तेव्हा त्यांच्या तट्टांवर ओझे असते, हे खरेच. पण ते दोन्ही बाजूंना सारखे बांधलेले असते, पाठीवर आदळत नाही आणि तट्टू मेंढरांच्या चालीने, चरत-थांबत जाते. नवशिका स्वार दुडक्या चालीत दर पावलाला पोत्यासारखा पाठीवर आपटतो. वजन तेच असले तरी हाडांवर बसणारा मार वेगळा असतो. भीमथडी घोड्याची आता देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे. त्याचा काटकपणा हा आपल्या मुलखाचा ठेवा आहे, आणि काटक आहे म्हणून त्याच्यावर वाटेल तेवढे लादणे आम्हाला सहन होत नाही. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी सहल रद्द करायचे कारण नाही. त्यांनी लगाम धरून सोबत चालावे. रानात घोड्यासोबत चालण्यातही निम्मी मजा आहेच.

दुसरी गोष्ट पाठ. घोडा ठरवताना खोगीर घालण्याआधी पाठ उघडी पाहायला मागावी आणि मोतद्दार (घोडा सांभाळणारा) टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परतावे. मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीच्या कण्यालगत हाताच्या तळव्याने सावकाश दाबत मागे जावे. घोडा पाठ खाली घालतो, कातडी थरथरवतो किंवा कान मागे टाकून वळून पाहतो, तेव्हा तिथे दुखते आहे असे समजावे. काळ्या-तांबड्या अंगावर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी जखम झाली होती. त्या जागी केसांचा रंग परत येत नाही.

खोगीर चढवताना नमद्याखालचे केस खराऱ्याने (घोड्याच्या दातेरी ब्रशने) साफ करून मागे वळवावेत. मातीचा एक खडा किंवा गवताचे एक कुसळ तीन तासांत कातडी सोलवटते. आपल्या माळावर तर कुसळी गवत पावलोपावली असते, म्हणून प्रत्येक मुक्कामी नमदा उलटा करून हाताने चाचपावा. खोगिराचा पुढचा उंच भाग आणि घोड्याचा उंचवटा यांमध्ये, स्वार बसल्यावरही, दोन-तीन बोटे उभी जाऊ शकली पाहिजेत आणि मागून पाहिले तर कण्यावरून पुढचा उजेड दिसला पाहिजे. तंग एका झटक्यात आवळू नये. बऱ्याच घोड्यांना छाती फुगवून उभे राहायची सवय असते. आधी सैल बांधावा, दहा पावले चालवून पुन्हा आवळावा आणि पंधरा मिनिटांच्या रपेटीनंतर खाली उतरून तिसऱ्यांदा पाहावा. पट्ट्याखाली दोन बोटे आडवी जातील एवढा ठेवावा. खोगीर फिरून स्वार पोटाखाली जाण्याचे बहुतेक अपघात हा तिसरा टप्पा गाळल्यामुळे होतात.

संध्याकाळी खोगीर उतरवण्याआधी तंग सैल करून दहा मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे दबलेल्या कातडीत रक्त हळूहळू परतते. मग नमदा उचलून पाठीवरच्या घामाची नक्षी पाहावी. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा असेल तर खोगीर नीट बसले आहे. सगळीकडे ओले आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा चट्टा दिसला तर त्या जागी दाब इतका पडला की घामही सुटला नाही. तासाभराने तिथे गरम सूज हाताला लागते. दुसऱ्या दिवशी त्या घोड्यावर बसायचे नाही. नमद्याला भोक पाडून, घडी घालून चालवून नेणारे लोक आहेत. असे केले की सुजेची जखम होते आणि घोडा महिनाभर कामातून जातो.

आता जागेविषयी. ‘जंगल’ म्हटले की सगळ्यांच्या तोंडी कास, बामणोली, कोयना आणि चांदोली येते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, मग घोडे नेणे तर दूरच. पाळीव जनावरांचे रोग रानात जाऊ नयेत म्हणून याच कायद्यात अभयारण्यापासून ५ किलोमीटरच्या आत पाळलेल्या जनावरांचे लसीकरण करण्याची तरतूद आहे. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. तिथे जांभ्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर असतो. नाल मारलेला एक खूर ओल्या मातीत फिरला की तो थर खरवडून कातळ उघडा पडतो. शिवाय घोड्याने खाल्लेले तणाचे बी लिदीतून दोन-तीन दिवस जिवंत बाहेर पडत राहते. फुलांच्या पठारावर परके तण पेरण्याचा याहून सोपा मार्ग नाही. तेव्हा पश्चिमेकडचा हा पट्टा घोड्यांच्या सहलीसाठी सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घोड्याचे रान खरे तर पूर्वेला आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला पाचशे मिलिमीटरची मारामार. माण, खटाव, आटपाडी, जत इथली खुरटी गवताळ माळराने, कोरडे ओढे, शिखर शिंगणापूरची महादेव डोंगररांग, मायणीचा आणि राजेवाडीचा तलाव हा मुलूख उघडा आहे, पायाखाली कोरडा आहे आणि घोड्याच्या सवयीचा आहे. लांडगा, कोल्हा, चिंकारा नशिबात असेल तर दिसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जावे. म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा मार्गशीर्षाच्या सुरुवातीला असते. त्या दिवसांत आसपासचे रस्ते गाड्यांनी आणि वाजंत्रीने भरलेले असतात, तेवढे टाळावे. गायरानातून जायचे तर ग्रामपंचायतीला आणि वनविभागाची हद्द लागत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी विचारावे. शेकोटी मुळीच नको. जानेवारीनंतर माळ काडीसारखा पेटतो आणि वणवा मेंढपाळांचे वर्षाचे गवत घेऊन जातो.

दिवसाचा पल्ला चढ-उताराच्या वाटेवर २० किलोमीटर, फार तर २५. पहिली पंधरा आणि शेवटची वीस मिनिटे घोड्यासोबत पायी चालावे. मधल्या वेळात दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटे उतरावे. घाटउतारावर तर प्रत्येकाने खाली उतरून चालायचेच, कारण उतारावर स्वाराचे वजन घोड्याच्या पुढच्या पायांवर येते आणि तिथेच शिरा सुजतात. घोडा थकला का, हे त्याच्या उत्साहावरून कळत नाही. सोबतचे घोडे पुढे गेले की तोही धावतो. नाडी मोजावी. जबड्याच्या हाडावरून आतल्या बाजूला बोटे दाबली की दोरीसारखी शीर लागते. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तपासणीच्या वेळी ती ६४ च्या आत यावी लागते. आपल्या सहलीत उतरल्यानंतर दहा मिनिटांनी ती ६० च्या खाली आली नाही तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि दोन सेकंदांत सपाट झाली नाही, तर अंगातले पाणी कमी झाले आहे.

पाण्याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. एका घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. सहा घोड्यांच्या सहलीला रोज दोनशे लिटरच्या वर पाणी हवे. जानेवारीत माणगंगेच्या वरच्या अंगाला ओढ्यात डबकेही नसते, म्हणून प्रत्येक मुक्कामाचे पाणी आठवडाभर आधी जाऊन डोळ्यांनी पाहून यावे. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यावर घोडा कधीही मोकळा सोडू नये. काठावर पाय टेकताच तो घसरतो, कागदावर खूर धरत नाही आणि पोहून दमेपर्यंत त्याला बाहेर येता येत नाही. तारेचे कुंपण पाडलेले तळे तर जास्तच धोक्याचे. पाणी बादलीने काढून दूर आणून पाजावे.

वैरणीत बदल अचानक करू नये. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले बाहेर काढायचा मार्गच नसल्याने साधी पोटदुखी जिवावर बेतते. अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला पाच-सहा किलो कोरडी वैरण, दोन-अडीच किलो चंदी (दाणा) तीन वेळा विभागून, आणि मूठभर मीठ पुरते. हरभरा भिजवूनच द्यावा, कारण कोरडा हरभरा पोटात फुगतो. चंदीचा तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) चढवल्यावर तासभर खोगीर घालू नये. रोजची वैरण सोबत न्यावी आणि तीही पाच-सहा दिवस आधीपासून तीच सुरू ठेवावी. वाटेत कुणी प्रेमाने उसाचे वाढे टाकले तरी हात जोडून नको म्हणावे.

वाटेवरची झाडेझुडपे ओळखता आली पाहिजेत. कण्हेर सर्वांत घातक. देवळाच्या आवारात, हॉटेलच्या कुंपणाला आणि महामार्गाच्या दुभाजकात ती सगळीकडे लावलेली असते. तिची थोडी पाने पोटात गेली तरी हृदय बंद पडते, वाळलेली पानेही तितकीच विषारी. देवदर्शनाला उतरून घोडा नेमका कण्हेरीला बांधून ठेवू नये. घाणेरीच्या जाळीतही बांधू नये. रब्बीची शाळू याच दिवसांत उभी असते. पाण्याअभावी खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातून आलेल्या स्वाराला ते ठाऊक नसते आणि तो कौतुकाने धाट तोडून देतो. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागांच्या बांधावरच्या हिरव्या गवतावर औषधाची फवारणी पडलेली असते. तिकडे तोंडही लावू देऊ नये.

आपल्याकडच्या माळावर अजून दोन गोष्टी घोड्याला बिचकवतात. एक पवनचक्क्या. आवाजापेक्षा सकाळ-संध्याकाळ जमिनीवरून फिरणारी पात्यांची सावली जास्त. नवा घोडा त्या सावलीला ओलांडायला तयार होत नाही आणि आडवा उधळतो. तिथे उतरून, अनुभवी घोड्याच्या मागे लगाम धरून न्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे मेंढवाड्याची कुत्री. शंभर पावलांवर थांबून हाक द्यावी, मेंढपाळाने कुत्री बोलावली की मग पुढे जावे. आग्या मोहोळाच्या कड्याखाली किंवा झाडाखाली कधीही थांबू नये. माश्या उठल्याच तर घोडा बांधून पळू नये. बांधलेला घोडा मरू शकतो.

रात्री मुक्कामाला अगाडी-पिछाडीच्या (पुढून-मागून बांधायच्या दोरांच्या) खुंट्या मातीच्या जमिनीत चालतात, कातळावर चालत नाहीत. दोन झाडांमध्ये घोड्याच्या डोक्याहून उंच जाड दोर ताणून त्याला मोरकीची (घोड्याच्या तोंडावर बांधलेल्या पट्ट्याची) दोरी अशी बांधावी की मान खाली जाईल पण पाय दोरीवरून जाणार नाही. गाठ ओढताच सुटणारी हवी. दोन घोड्यांत तीन मीटर अंतर ठेवावे. रानडुकरांसाठी शेताला वीज सोडलेली तार असू शकते, त्यामुळे अंधारात मोकळा घोडा शोधत बांधावरून फिरायची वेळ येऊ देऊ नये.

नालाकडे रोज दोनदा पाहावे. चार ते सहा आठवड्यांनी नाल बदलावी लागते. सहलीच्या आदल्या दिवशी नवी नाल मारू नये, आठवडाभर आधी मारावी, म्हणजे एखादा खिळा मांसात गेला असेल तर घरीच कळते. कातळावर चालताना कान द्यावा. घट्ट नालेचा एकच टणक आवाज येतो, सैल झालेली दोनदा वाजते. खुराच्या तळातले खडे काढायचा आकडा प्रत्येक स्वाराच्या खिशात हवा.

स्वाराविषयी थोडक्यात. टाच असलेले बूट घालावेत. सपाट बुटातला पाय रिकिबीतून पुढे जातो आणि पडलेला माणूस फरफटत जातो. हेल्मेट घालून हनुवटीचा पट्टा लावावा. मोबाइल खोगिराच्या पिशवीत न ठेवता अंगावर ठेवावा, कारण घोडा सुटला की पिशवीही जाते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. घोड्यांनाही ते द्यावे लागते, या रोगाला घोडा फार लवकर बळी पडतो.

घोडा सारखा पोटाकडे वळून पाहतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही, तर तो पोटशूळ आहे. खाणे बंद करावे, हळूहळू फिरवावे आणि लगेच १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करून पशुवैद्यक बोलवावा. दुखणे थांबवायचे इंजेक्शन स्वतः टोचू नये, त्याने लक्षणे झाकली जातात. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे सातारा जिल्ह्याचे भाग्य. तिथवर न्यायला गाडी कोणाची, हे निघण्याआधी ठरलेले असावे. माणसासाठी १०८. माळावर रेंज कुठे मिळते, ती टेकडी नकाशावर खूण करून ठेवावी.

घोडे जत्रांतून, बाजारांतून खरेदी होऊन येतात. त्यामुळे ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा दाखला मागावा. नाकातून चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी अशी त्याची लक्षणे. तो माणसालाही होतो, आणि तपासणीत सापडलेले जनावर २००९ च्या कायद्याखाली मारावे लागते.

सहली नेणाऱ्यांनी जाहिरातीतच प्रत्येक घोड्याचे टेपने काढलेले वजन, त्याच्यावरच्या स्वाराची कमाल मर्यादा, रोजचे किलोमीटर आणि रक्ततपासणीची तारीख छापावी, ही आमची मागणी आहे. पशुसंवर्धन विभागाने हंगामाआधी एक दिवस माण किंवा आटपाडीत शिबिर घेऊन घोड्यांच्या पाठी, खूर आणि वजने तपासावीत. टेप, वजनकाटा आणि खराऱ्यासह आम्ही स्वतः तिथे यायला तयार आहोत.

आपले नम्र,
घोड्यांची निगा राखणारे काही वाचक,
सातारा व सांगली